रूथच्या आधीचा विक्रमवीर : रॉजर कॉनर आणि 138 होम रन

बेसबॉलमध्ये फलंदाजाने फटका मारून एकाच फेरीत पहिला, दुसरा आणि तिसरा बेस ओलांडून पुन्हा मूळ जागी, म्हणजे होम प्लेटवर, परत यावे, याला होम रन म्हणतात. बेस एकमेकांपासून 90 फुटांवर असतात, म्हणजे पूर्ण फेरी 360 फुटांची. चेंडू कुंपणाबाहेर गेला तर फलंदाज निवांत चालत फेरी पुरी करू शकतो. क्रिकेटमधल्या षटकाराशी याचे साम्य आहे, पण एक मोठा फरकही आहे. षटकाराच्या धावा ठरलेल्या असतात. होम रनवर मात्र फलंदाजाबरोबरच त्या वेळी बेसवर उभे असलेले सगळे सहकारी घरी येतात, त्यामुळे एका फटक्यावर 1 ते 4 अशा कितीही धावा मिळू शकतात. तिन्ही बेस भरलेले असताना बसलेल्या होम रनला ग्रँड स्लॅम म्हणतात.

व्यावसायिक बेसबॉलचा पाया 1870 च्या दशकात घातला गेला आणि 1876 मध्ये नॅशनल लीग सुरू झाली. या लीगमधला पहिला होम रन शिकागोच्या रॉस बार्न्सने 2 मे 1876 रोजी सिनसिनाटीविरुद्ध मारला. त्या काळी हा फटका दुर्मिळ होता. अनेक मैदानांची कुंपणे फार दूर होती आणि काही ठिकाणी तर ती जवळजवळ नव्हतीच. चेंडू क्षेत्ररक्षकांच्या मागे लांब जाऊन पडायचा आणि तो परत येईपर्यंत फलंदाजाला जीव तोडून 360 फूट पळावे लागायचे. चेंडूही पळणारा नव्हता. आज सामन्यात डझनावारी चेंडू बदलले जातात. तेव्हा एकच चेंडू हरवेपर्यंत वापरला जाई, आणि सामना संपत येईपर्यंत तो मळलेला आणि मऊ झालेला असे. त्यामुळे फलंदाजाचा मोठेपणा मुख्यतः एकेरी, दुहेरी आणि तिहेरी फटक्यांवर, म्हणजे एका फटक्यावर त्याने किती बेस गाठले यावर, जोखला जाई. होम रन मोजून ठेवावेत असे फारसे कोणाला वाटत नव्हते.

याच काळात रॉजर कॉनर खेळला. 1 जुलै 1857 रोजी कनेटिकट राज्यातल्या वॉटरबरी या कारखान्यांच्या शहरात, आयर्लंडहून आलेल्या कुटुंबात त्याचा जन्म झाला. मॅसॅच्युसेट्समधल्या होल्योक येथे दुय्यम दर्जाच्या संघात नाव कमावल्यावर 1880 मध्ये तो नॅशनल लीगच्या ट्रॉय संघात दाखल झाला. न्यूयॉर्क राज्यातल्या या छोट्या शहराच्या संघात त्या वर्षी बक इविंग, टिम कीफ, मिकी वेल्श, डॅन ब्राउदर्स आणि कॉनर असे पाच खेळाडू होते, आणि पाचही जणांना पुढे बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. संघ मात्र सामान्यच राहिला, कारण ही सगळी मुले तेव्हा नवखी होती आणि ब्राउदर्स तर मोजकेच सामने खेळून गेला.

कॉनरची उंची 6 फूट 3 इंच आणि वजन साधारण 100 किलो होते. आजच्या मैदानावरही हा देह उठून दिसेल, मग 1880 मध्ये तो कसा दिसत असेल याची कल्पना करता येते. तो फलंदाजी आणि फेक दोन्ही डाव्या हाताने करायचा. ट्रॉयने त्याला सुरुवातीला तिसऱ्या बेसवर उभे केले, ही निवड त्याच्यावर अन्याय करणारी होती. तिसऱ्या बेसवरून पहिल्या बेसकडे चेंडू फेकायला डावखुऱ्याला संपूर्ण शरीर वळवावे लागते, आणि त्यात वेळ जातो. पहिल्या हंगामात त्याच्याकडून ढीगभर चुका झाल्या. खांद्याला दुखापत झाल्यावर त्याला पहिल्या बेसवर हलवले गेले आणि तिथे तो पुढची बरीच वर्षे टिकला.

10 सप्टेंबर 1881 रोजी ऑल्बनी येथे झालेल्या सामन्याने कॉनरचे नाव बेसबॉलच्या इतिहासात कायमचे कोरले. प्रतिस्पर्धी संघ होता वुस्टर. नवव्या, म्हणजे अखेरच्या डावात ट्रॉय 4–7 असा मागे होता. दोन फलंदाज बाद झाले होते आणि आणखी एक बाद झाला की सामना संपणार होता. तिन्ही बेस भरलेले होते. समोर पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, होता ली रिचमंड. त्याने आदल्याच वर्षी नॅशनल लीगमधला पहिला ‘परफेक्ट गेम’ टाकला होता, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा एकही खेळाडू पहिल्या बेसपर्यंत पोहोचू दिला नव्हता. कॉनरने त्याच्या चेंडूवर होम रन मारला, चारही जण घरी आले आणि ट्रॉयने सामना 8–7 असा जिंकला. सर्वोच्च दर्जाच्या, म्हणजे प्रमुख लीगच्या, इतिहासात नोंद झालेला हा पहिला ग्रँड स्लॅम. तीन धावांनी मागे असताना, दोन बाद असताना, शेवटच्या डावात सामना संपवणारा ग्रँड स्लॅम हा योग आजही विरळा मानला जातो. कॉनरच्या वाट्याला तो पहिल्याच ग्रँड स्लॅममध्ये आला.

या फटक्याला नियमांचाही आधार मिळाला. विजयी धाव पुरी झाली की सामना तिथेच थांबवायचा, असा त्या काळचा दंडक होता. फलंदाजाच्या पुढे बेसवर असलेल्या सहकाऱ्याने विजयी धाव घेतली तर फलंदाजाचा चेंडू कुंपणाबाहेर गेला तरी त्याच्या नावावर होम रन धरला जात नसे. विजयी धावेसाठी जितके बेस लागले तितकाच फटका, म्हणजे एकेरी, दुहेरी किंवा तिहेरी, नोंदला जाई. हा नियम 1920 मध्ये बदलला. पुढे कॉनरचा विक्रम मोडणाऱ्या बेब रूथलाही जुन्या नियमाची झळ बसली. 1918 मध्ये बॉस्टनच्या फेनवे पार्कमध्ये त्याने कुंपणापार धाडलेला चेंडू तिहेरी फटका म्हणूनच नोंदला गेला. कॉनरच्या फटक्यावर जिंकायला चौथी धाव लागत होती आणि ती धाव खुद्द त्याचीच होती, म्हणून तो पूर्ण होम रन ठरला.

1882 च्या हंगामानंतर ट्रॉयला लीगमधून वगळण्यात आले आणि 1883 मध्ये कॉनर न्यूयॉर्कच्या नव्या नॅशनल लीग संघात आला. गोथम्स या नावाने सुरू झालेला हा संघ 1885 च्या सुमारास जायंट्स म्हणून ओळखला जाऊ लागला. आपल्या धिप्पाड खेळाडूंकडे पाहून व्यवस्थापक जिम म्यूट्री कौतुकाने त्यांना ‘जायंट्स’ म्हणाला आणि नाव पडले, ही परंपरेने सांगितली जाणारी कथा आहे. त्या खेळाडूंमध्ये कॉनर सर्वांत ठळक होता. हाच संघ आता सॅन फ्रान्सिस्कोमध्ये आहे आणि नाव तेच आहे.

1885 चा हंगाम त्या काळातल्या फलंदाजीची जात नीट दाखवतो. कॉनरने त्या वर्षी 0.371 सरासरी राखून नॅशनल लीगमधला अव्वल फलंदाज हा मान मिळवला, म्हणजे दर हजार प्रयत्नांत 371 यशस्वी फटके. लीगमधल्या या सर्वोत्तम फलंदाजाच्या नावावर त्या संपूर्ण वर्षात एकच होम रन होता. तिहेरी फटके मात्र पंधरा. मोठ्या मैदानावर लांब मारलेला चेंडू बहुतेकदा तिहेरीत संपायचा. त्याचे अनेक तिहेरी फटके आजच्या कुंपणांच्या मैदानावर होम रन ठरले असते, असे म्हणायला भरपूर आधार आहे.

न्यूयॉर्कचे घरचे मैदान, पहिले पोलो ग्राउंड्स, मॅनहॅटनमध्ये सेंट्रल पार्कच्या उत्तर टोकाशी होते. 11 सप्टेंबर 1886 रोजी बॉस्टनच्या चार्ल्स रॅडबोर्नच्या चेंडूवर कॉनरने उजव्या बाजूच्या कुंपणावरून थेट 112 व्या रस्त्यावर चेंडू धाडला. रॅडबोर्न तेव्हाच्या सर्वांत नावाजलेल्या पिचरांपैकी एक. प्रेक्षकांत न्यूयॉर्क शेअर बाजाराचे काही सदस्य होते. त्यांनी तिथल्या तिथे वर्गणी गोळा केली आणि नंतर कॉनरला सोन्याचे घड्याळ भेट दिले. खेळाडूंच्या वार्षिक कमाईच्या मानाने हे बक्षीस भारी होते. होम रनला अजून फारसे महत्त्व दिले जात नव्हते, पण प्रेक्षकांना तो आवडू लागला होता, हे या घड्याळावरून दिसते.

नियम या दशकात जवळजवळ दरवर्षी बदलत होते. 1880 मध्ये पिचर फलंदाजापासून 45 फुटांवर उभा राहायचा. 1881 मध्ये हे अंतर 50 फूट झाले. 1884 मध्ये नॅशनल लीगने पिचरला खांद्यावरून हात फिरवून चेंडू टाकण्याची मुभा दिली. 1886 पर्यंत फलंदाजाला चेंडू उंच हवा की खालचा, हे सांगण्याचा हक्क होता. 1887 मध्ये तो काढून घेण्यात आला. 1893 मध्ये पिचरचे अंतर आजचे 60 फूट 6 इंच झाले. कॉनरची कारकीर्द 1880 ते 1897 अशी असल्याने तो या सर्व नियमांखाली खेळला. यातले काही नियम पिचरला, तर काही फलंदाजाला झुकते माप देणारे होते, तरीही त्याच्या फलंदाजीत मोठी पडझड दिसत नाही. हीच त्याची खरी ताकद म्हणावी लागेल.

1887 मध्ये त्याने 17 होम रन मारले. त्या वर्षी नॅशनल लीगमध्ये सर्वाधिक 19 होम रन वॉशिंग्टनच्या बिली ओब्रायनचे होते आणि कॉनर दुसरा राहिला. 1888 मध्ये 14 होम रन आले. त्यातले तीन 9 मे रोजी इंडियानापोलिसविरुद्धच्या एकाच सामन्यात होते. त्या वर्षी आणि 1889 मध्ये जायंट्सने नॅशनल लीगचे विजेतेपद मिळवले, आणि दोन्ही वर्षी त्या काळच्या जागतिक मालिकेतही सरशी केली. 1889 मध्ये कॉनरचे 13 होम रन होते.

1890 मध्ये बेसबॉलमध्ये बंड झाले. मालकांचे वेतनावरचे नियंत्रण आणि खेळाडूला एकाच संघाशी जखडून ठेवणारे करार यांना कंटाळून खेळाडूंच्या संघटनेने प्लेअर्स लीग ही स्वतःची लीग काढली. या चळवळीचा नेता जॉन माँटगोमेरी वॉर्ड कॉनरचा जायंट्समधला सहकारी होता. कॉनर संघटनेबरोबर गेला आणि प्लेअर्स लीगच्या न्यूयॉर्क संघातर्फे त्याने 14 होम रन मारले. संपूर्ण कारकिर्दीत एखाद्या लीगमध्ये सर्वाधिक होम रन मारण्याचा मान त्याला याच एका वर्षी मिळाला. ही लीग एका हंगामातच बंद पडली. पुढे 1960 च्या दशकाच्या अखेरीस अधिकृत नोंदी ठरवणाऱ्या समितीने प्लेअर्स लीगला प्रमुख लीगचा दर्जा दिला, म्हणून ते 14 होम रन त्याच्या बेरजेत धरले जातात. एकूण 138 मधून ते वगळले तर 124 उरतात.

कॉनर आपल्या पिढीत एकटा नव्हता. हॅरी स्टोवी हा या काळातला दुसरा मोठा होम रन फलंदाज. 100 होम रनचा टप्पा गाठणारा तो पहिला, आणि 1893 मध्ये प्रमुख लीगमधून बाहेर पडला तेव्हा त्याच्या नावावर 122 होते. डॅन ब्राउदर्सने कारकिर्दीत 106 मारले. कॉनरने 1892 मध्ये फिलाडेल्फियाकडून 12 आणि 1893 मध्ये पुन्हा न्यूयॉर्ककडून 11 होम रन मारून 110 वर मजल मारली. 1894 चा हंगाम मध्यावर असताना न्यूयॉर्कने त्याला सोडले आणि तो सेंट लुईस ब्राउन्सकडे गेला. त्या वर्षाअखेर त्याचे 118 होम रन झाले. 1895 मध्ये आणखी 8 जमा होऊन तो स्टोवीच्या पुढे गेला आणि प्रमुख लीगमध्ये सर्वाधिक होम रन मारणारा खेळाडू झाला. त्याच वर्षी 1 जूनला ज्या न्यूयॉर्कने त्याला सोडले होते त्याच संघाविरुद्ध त्याने सहापैकी सहा वेळा यशस्वी फटके मारले. अशा दिवशी फलंदाजाच्या मनात काय असेल हे ओळखायला पुराव्याची गरज नाही.

सेंट लुईस कमकुवत संघ होता. 1896 मध्ये काही काळ त्याच्यावर व्यवस्थापकपदाचाही भार पडला आणि निकाल वाईट लागले. तरी त्या हंगामात, वयाच्या 39 व्या वर्षी, त्याने 11 होम रन मारले. 1897 मध्ये एक होम रन मारून त्याची प्रमुख लीगमधली कारकीर्द संपली. एकूण 138 होम रन, 2467 यशस्वी फटके आणि 233 तिहेरी फटके. तिहेरींमध्येही तो तेव्हा सर्वांत पुढे होता. बेस चोरण्याची, म्हणजे फटक्याविना पळत पुढचा बेस गाठण्याची, मोजणी 1886 पासूनच सुरू झाली, तिथून पुढे त्याच्या नावावर 244 चोरलेले बेस आहेत. 100 किलो वजनाच्या माणसाकडून ही चपळाई अपेक्षित नसते, पण मैदानातच पूर्ण होणाऱ्या होम रनसाठी पाय लागत आणि त्याच्याकडे ते होते.

एका हंगामातल्या विक्रमाची कहाणी वेगळी आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय कॉनरचा विक्रम नीट तोलता येत नाही. 1884 मध्ये शिकागोच्या नेड विल्यमसनने 27 होम रन मारले. त्यातले 25 घरच्या लेकफ्रंट पार्कवर आले. या मैदानाच्या डाव्या आणि उजव्या बाजूची कुंपणे 200 फुटांच्या आत होती. आदल्या वर्षापर्यंत त्या कुंपणावरून गेलेला चेंडू स्थानिक नियमाने दुहेरी धरला जाई, आणि विल्यमसनने 1883 मध्ये 49 दुहेरी फटके मारले होते. 1884 मध्ये तोच फटका होम रन ठरवण्यात आला आणि शिकागो संघाने एका हंगामात 142 होम रन मारले. पुढच्या वर्षी संघ दुसऱ्या मैदानावर गेला आणि हे आकडे पुन्हा खाली आले. विल्यमसनचे संपूर्ण कारकिर्दीतले होम रन 64 आहेत. त्याच्या विक्रमात मैदानाचा वाटा मोठा होता. कॉनरच्या बेरजेला असा एका मैदानाचा आधार नाही. ती 18 हंगामांत, वेगवेगळ्या शहरांत आणि वेगवेगळ्या नियमांखाली, कधी 1 तर कधी 17 अशा गतीने जमली आहे.

विल्यमसनचा विक्रम 1919 मध्ये बेब रूथने मोडला. बॉस्टनकडून खेळताना त्या वर्षी त्याने 29 होम रन मारले. सुरुवातीला 1899 मधले वॉशिंग्टनच्या बक फ्रीमनचे 25 हाच विक्रम समजला जात होता. मग कोणीतरी जुने दफ्तर चाळून विल्यमसनचे 27 बाहेर काढले. कारकिर्दीच्या बेरजेसाठी मात्र असे दफ्तर कोणी चाळले नाही. 1920 मध्ये रूथने न्यूयॉर्क यांकीजकडून 54 होम रन मारले. 1921 च्या जूनमध्ये तो फिलाडेल्फियाच्या गॅव्ही क्रॅव्हथच्या 119 होम रनच्या पुढे गेला, तेव्हा वृत्तपत्रांनी तोच विक्रम मानला. 18 जुलै 1921 रोजी डेट्रॉइटच्या मैदानावर रूथने 139 वा होम रन मारला. कॉनरचा 26 वर्षे टिकलेला विक्रम त्या क्षणी मोडला, पण मैदानावर किंवा वर्तमानपत्रांत त्याची नोंद झाली नाही. रॉजर कॉनर तेव्हा 64 वर्षांचा होता आणि वॉटरबरीत राहत होता.

निवृत्तीनंतर त्याने वॉटरबरीचा कनेटिकट लीगमधला संघ विकत घेतला, त्याचे व्यवस्थापन केले आणि चाळिशी ओलांडल्यावरही त्यात खेळत राहिला. नंतर शहरातील शाळांच्या इमारतींच्या देखरेखीचे काम केले. 4 जानेवारी 1931 रोजी त्याचे निधन झाले.

पुढे चार दशके कॉनरच्या विक्रमाची कोणाला आठवण झाली नाही. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला अटलांटाचा हँक ॲरन रूथच्या 714 च्या जवळ पोहोचू लागला आणि 8 एप्रिल 1974 रोजी 715 वा होम रन मारून पुढे गेला. रूथचा विक्रम मोडला जात असताना साहजिकच विचारले गेले की रूथने कोणाचा मोडला होता. उत्तर शोधताना कॉनरचे नाव समोर आले. त्याची बेरीज मात्र एकसारखी नव्हती: कोणी 131 सांगे, कोणी 136, कोणी 137. याचे कारण 19 व्या शतकातल्या नोंदींची अवस्था. सामन्याचा गोषवारा स्थानिक वृत्तपत्रे आपापल्या पद्धतीने छापत, अधिकृत वार्षिक नोंदीत बेरजेच्या चुका राहत आणि एकच फटका दोन पत्रांत दोन तऱ्हेने नोंदला जाई. जॉन टॅटरसॉल या संशोधकाने जुन्या वृत्तपत्रांतून एकेका होम रनची नोंद गोळा केली. त्याच्या मृत्यूनंतर अमेरिकन बेसबॉल संशोधकांच्या संस्थेने ते काम पुढे नेले. आज 138 हा आकडा सर्वमान्य आहे.

कॉनरने साधारण 56 ते 57 प्रयत्नांमागे एक होम रन मारला. रूथने 12 प्रयत्नांमागे एक. या तुलनेत रूथ फारच पुढे दिसतो आणि तो तसा होताही. तरी रूथच्या काळात सामन्यात नवे, पांढरे चेंडू वारंवार दिले जाऊ लागले होते, थुंकी लावून चेंडू टाकण्यावर 1920 मध्ये बंदी आली होती आणि होम रन मारण्यासाठीच फलंदाजी करणे ही मान्य पद्धत झाली होती. कॉनरसाठी होम रन हा लांब फटक्याचा एक संभाव्य शेवट होता, उद्देश नव्हता. एका काळाच्या फूटपट्टीने दुसरा काळ मोजला तर कॉनरवर अन्याय होतो, म्हणून त्याला त्याच्या समकालीनांमध्येच उभे करून पाहावे. तिथे त्याच्या पुढे कोणी नाही.

1976 मध्ये, मृत्यूनंतर 45 वर्षांनी, ज्येष्ठांच्या समितीने कॉनरची हॉल ऑफ फेमसाठी निवड केली. वॉटरबरीतल्या त्याच्या थडग्यावर तेव्हाही नाव नव्हते; शहरातल्या नागरिकांनी निधी उभारून 2001 मध्ये तिथे शिळा बसवली. सर्वकालीन होम रनच्या यादीत त्याचे 138 आता शेकडो नावांच्या मागे गेले आहेत. तिहेरी फटक्यांच्या सर्वकालीन यादीत मात्र तो अजूनही पाचवा आहे.